पाणी उतरवलेली पट्टी

पाणी देऊन टणक केलेल्या पोलादाला भोक पाडायचं तर घाई चालत नाही आणि भीडही चालत नाही. घाई केली की ड्रिलचं बिट मोडतं. भीत भीत दाबलं की ते नुसतं घासत राहतं आणि भोकाचा तळ असा चकचकीत होऊन बसतो की पुढे तुम्ही डोकं आपटलंत तरी तो दाद देत नाही. म्हणून एकदा बिट टेकवलं की मध्ये थांबायचं नाही. दारात कोणी येऊन उभं राहो, चहा निवून जावो, आरपार गेल्याशिवाय हात उचलायचा नाही. फिटरकाकांनी आख्खी नोकरी ह्या एका शिस्तीवर काढली होती, आणि कारखाना सुटल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येही तीच शिस्त आणून बसवली होती.

गल्लीत त्यांना सगळे फिटरकाकाच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला साहजिकच काकू. शेडमध्ये फार काही नव्हतं. जमिनीत बोल्ट मारून पक्कं केलेलं जुनं ड्रिल मशीन, एक लाकडी टेबल, त्याला वस्तू आवळून धरणारा व्हाइस, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कानशी आणि नट आवळायचे पाने, कोपऱ्यात विटांची छोटी भट्टी. शेडचं एक दार मागच्या अंगणात उघडायचं, दुसरं सरळ स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराच्या पुढे बोळ, बोळाच्या टोकाला झोपायची खोली. सगळं घर एका ओळीत. मधली दारं उघडी असली की मशीनपाशी उभं राहून पलंगाची उशाकडची बुटकी पाठ दिसायची, आणि दुपारी काकू आडव्या झाल्या की उशीवरचं त्यांचं पांढरं डोकं.

आता हे सगळं आवरायचं होतं. दूरच्या शहरात राहणारी लेक महिनाअखेरीला येऊन दोघांना कायमचं घेऊन जाणार होती. काकूंनी भांडी बांधायला घेतली होती आणि प्रत्येक गाठ मारताना त्यांच्या तोंडावर जरा हसू यायचं. बाईने फार काढलं होतं. आधी सासूचं अंथरूण, आणि ते संपतंय न संपतंय तोच काकांच्या थोरल्या भावाचं. त्या भावाला शेवटी शेवटी काही आठवायचं नाही. चपला कपाटात ठेवायचा, जेवून उठल्यावर जेवायला मागायचा, आणि एक दिवस काकूंनाच विचारून बसला, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? ते सगळं काकूंनी एकटीने निस्तरलं. काका कामावर असायचे. म्हणून आता हिला तरी विसावा मिळायला हवा, एवढी एकच गोष्ट काकांच्या मनात पक्की होती. शेड बंद करतो म्हणून त्यांनी शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही आता पुरे झालं होतं. गुडघे बोलत होते. मशीनपाशी उभं राहिलं की तासाभरात कंबर धरायची.

तशात शटरवाला आला. हा दुकानांची लोखंडी शटरं बसवणारा, काकांकडे जुनी ये-जा असलेला. खांद्यावरचं पोतं त्याने टेबलावर धाडकन टाकलं. आत पोलादी पट्ट्या होत्या, तळहाताएवढ्या, बोटभर जाड, काळपट निळ्या. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं सामान उचलताना त्याला मिळालेल्या. शटरच्या कुलपामागे बसवल्या की चोराची करवत त्यावर चालणार नाही, अशी त्याची कल्पना. प्रत्येक पट्टीला मधोमध एक भोक हवं होतं, पेन्सिल जाईल एवढं. काकांनी एक पट्टी उचलून तिच्या कडेवरून कानस ओढली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, ओरखडासुद्धा नाही. पाणी चांगलंच कडक दिलं होतं कोणीतरी. तांबडंलाल तापवायचं आणि तेलात बुडवायचं, की पोलाद असं टणक होतं. पण एवढं टणक काकांनी क्वचितच पाहिलं होतं.

नको म्हणावं असं त्यांच्या मनात होतं. पण काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी काकांचं तोंड बघितलं आणि शटरवाल्याला म्हणाल्या की ठेव बाबा इथे. नाही म्हटलं तर आम्ही जाईपर्यंत हे तोंड पाडून बसतील, आणि ते तोंड बघायचं काम माझ्याकडेच.

पहिली पट्टी काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. खाली लाकडाचा ठोकळा, वर पट्टी, दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळलेले. कडक धातूला चालणारं कार्बाइडचं बिट, मशीन मंद. तेल सोडत त्यांनी दांडा खाली ओढला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. आधी नुसतं किरकिरलं. मग बिटाने पकडलं आणि सुयांसारखा बारीक काळा कीस वर यायला लागला. बराच वेळ लागला. शेवटी हात हलका करावा लागतो, नाहीतर आरपार जाताना बिट अडकून मोडतं. तिथे त्यांनी हात हलका केला आणि बिट लोण्यातून गेल्यासारखं खाली उतरलं. भोकाची वरची कड त्यांनी हलकेच छाटली, पट्टी फळीवर ठेवली आणि स्टुलावर बसून घाम पुसला. ठोकळा उचलताना त्यांच्या एवढं लक्षात आलं की त्याच्यावर बिटाची खूण नाही. बिट आरपार गेलं की खालच्या लाकडात थोडं तरी घुसतंच. पण दमलेल्या माणसाला असल्या गोष्टींचा विचार करत बसायला त्राण कुठे होतं? ते आत जाऊन जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरच्या पट्टीला भोक नव्हतं.

काकांनी पट्टी उलटीसुलटी केली. कोरीच दुसरी पट्टी आपण फळीवर ठेवली असणार, असं म्हणून पोतं रिकामं करून सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. एकीलाही भोक नव्हतं. कीस मात्र डब्यात होता, कालचाच, तेलात भिजलेला. कीस आहे म्हणजे भोक पाडलं होतं. मग भोक गेलं कुठे? काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि इकडेतिकडे पाहिलं. काकू आत भांडी कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी पुन्हा भोक पाडलं. पट्टीच्या एका कोपऱ्याला पिवळा रंग लावून ठेवला, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. सकाळी पिवळ्या कोपऱ्याची पट्टी होती तिथेच होती, आणि मधोमध सपाट होती. बोट फिरवलं तर थंड, गुळगुळीत. काकांना पहिल्यांदा आठवण झाली ती थोरल्या भावाची. त्यालाही असंच वाटायचं, की आपण केलं ते कोणीतरी मुद्दाम बदलून ठेवतं. ते स्टुलावर बसले. आपलंही डोकं जायला लागलं असेल तर मरण परवडलं. पण हिने पुन्हा तेच सगळं काढायचं? आता? गाठोडी बांधून झाल्यावर? आपण कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

त्याच दुपारी काकूंनी हाक मारली. पिठाचा मोठा पत्र्याचा डबा बुडापाशी गळत होता. फरशीवर पिठाची छोटी रास झाली होती.

"उंदरांनी तुमचं मशीन चालवायला घेतलेलं दिसतंय," काकू म्हणाल्या.

काकांनी वाकून पाहिलं. गोल भोक होतं, साफ, गंजाचा पत्ता नाही. त्यांना हसू आलं नाही आणि फार नवलही वाटलं नाही. डबा जुना होता आणि त्यांचं मन दुसरीकडे होतं. त्यांनी पत्र्याचा तुकडा डकवून दिला आणि ते शेडमध्ये परतले.

फिटरला एखादी गोष्ट पटत नसेल तर तो वाद घालत बसत नाही, मोजून बघतो. काकांनी तिसऱ्यांदा भोक पाडलं आणि ह्या वेळी त्यात बोल्ट घातला, दोन्ही बाजूंना वॉशर टाकले आणि नट असा आवळला की पाना वाकायचा बाकी राहिला. पट्टी व्हाइसमध्ये धरली, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपले. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. पट्टी व्हाइसमध्ये होती आणि कोरी होती. बोल्ट खाली फरशीवर पडला होता. नट त्याच्यावर कालच्याच जागी होता, आणि दोन वॉशरांच्या मध्ये बोटभर मोकळी जागा होती, पट्टीच्या जाडीएवढी. काकांनी वॉशर हलवून पाहिले. ते हलत नव्हते. मध्ये काहीही नसताना ते घट्ट आवळलेले होते.

आता मात्र ते दोन पावलं मागे सरकले. पण त्याबरोबर जरा जिवात जीवही आला, हे कबूल करायला हवं. हा बोल्ट काही आपल्या डोक्याने केलेला खेळ नव्हे. म्हणजे आपण भावाच्या वाटेवर नाही. दोष पट्टीत आहे. आणि दोष पट्टीत असेल तर त्यावर इलाज असतो, असं मानणाऱ्यांतले ते होते.

त्यांनी शटरवाल्याला फोन लावला आणि पट्ट्या कुठून आणल्या ते नीट सांग म्हणाले. शटरवाला आधी उडवाउडवी करत होता. मग म्हणाला की काका, तुम्हाला सांगायचं राहिलं, मी ह्या आधी एका दुसऱ्याकडे दिल्या होत्या. चांगला कारागीर होता. त्याने पोतं परत आणून दिलं, होत नाही म्हणाला, बस्स.

"आता काय करतो तो?"

"काम सोडलं त्याने. दिवसभर बायकोच्या उशाशी बसून असतो म्हणे."

"आजारी आहे ती?"

"नाही हो, तिला काही झालेलं नाही," शटरवाला म्हणाला, "म्हणजे, तसं कोणी म्हणत नाही."

फोन ठेवताना काकूंचा आवाज आला. त्या बोळातल्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या आणि स्वेटरला पाठीमागे भोक पडलंय म्हणून कुरकुरत होत्या. कसर लागली, दुसरं काय, इतके दिवस ट्रंकेत पडून होता. काका पाठीमागून गेले. भोक दोन खांद्यांच्या मधोमध होतं. काकू पुढे वाकून बसल्या होत्या; टेकल्या की तिथेच खुर्चीची लाकडी फळी यायची, आणि त्या उठल्या असत्या तर उजेडात काकांना त्या फळीतलं भोकही दिसलं असतं. पण त्या उठल्या नाहीत. काकांनी स्वेटरवर हात फिरवला आणि नवा घेऊ म्हणाले. त्यांच्या डोक्यात इलाज शिजत होता, आणि माणूस इलाजाच्या मागे लागला की त्याला नाकासमोरचं दिसत नाही.

इलाज साधा होता. पोलादाला इतकं कडक पाणी दिलंय की ते भोक धरतच नाही, टाकून देतं. मग आधी ते पाणीच उतरवायचं. पुन्हा लाल तापवायचं आणि तेलात न बुडवता राखेत पुरून ठेवायचं, म्हणजे ते आपल्या गतीने निवतं आणि मऊ पडतं. मऊ पोलादात पाडलेलं भोक जाईल कुठे? हे असलं काही कारखान्यात कोणी सांगितलं असतं तर काकांनीच त्याला वेड्यात काढलं असतं. पण हात रोज तेच ते करून विटले होते आणि ह्या एका विचाराने त्यांना हुशारी आली. संध्याकाळी त्यांनी भट्टी पेटवली, एक पट्टी चिमट्यात धरून डोळ्यांना सोसवेना इतकी लाल केली आणि राखेच्या डब्यात खोल पुरली. मनात म्हणाले, ही एक नीट झाली की बाकीच्या अशाच करायच्या, पोतं त्याच्या दारात टाकायचं आणि जायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी राखेतून काढली तेव्हा ती कोमट होती. कानस ओढली. कानशीने छान चावा घेतला. काकांना इतकं बरं वाटलं की ते एकटेच हसले. काकू जेवून पडल्या होत्या. मधली दारं उघडी होती, उन्हाचा एक पट्टा बोळातून पार पलंगापर्यंत गेला होता. मशीनचा आवाज झाला तर हिची झोप मोडेल म्हणून काकांनी शेडचं दार लोटून घेतलं.

मऊ पट्टीला साधं बिट पुरतं. त्यांनी ठोकळ्यावर पट्टी आवळली आणि दांडा खाली ओढला. काय सुरेख चालत होतं! उजळ कीस गुंडाळ्या गुंडाळ्यांनी वर येत होता. कितीतरी दिवसांत हाताला असा आराम मिळाला नव्हता.

मग कीस संपला आणि लाकडाचा भुसा यायला लागला.

आरपार गेलं, ठोकळा लागला, असं काकांना वाटलं. दांडा सोडणार तोच वास आला. ठोकळा कसल्यातरी फुटक्या खोक्याचा होता, त्याला वास नव्हता. हा भुसा तांबूस होता आणि त्याला जुन्या पॉलिशचा वास येत होता. ते पॉलिश काकांनी स्वतः लावलेलं होतं, पण कशाला, ते चटकन आठवेना.

हात दाबतच होता. मध्ये थांबायचं नाही, ही शिस्त हातात होती, डोक्यात नव्हती.

भुसा संपला. बिटाला पांढरं काहीतरी गुंडाळलं जायला लागलं. काकांनी वाकून पाहिलं. कापूस होता. कापसात निळ्या दोऱ्याचा एक धागा होता.

उशीच्या अभ्र्यांना काकू निळ्या दोऱ्याची शिवण घालत.

काकांनी बटण दाबलं. मशीन थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भोक अर्धवट सोडलं होतं. लोटलेलं दार त्यांनी कसं उघडलं, स्वयंपाकघर आणि बोळ कधी ओलांडला, त्यांना कळलं नाही. गुडघ्यांचं दुखणं त्यांना त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

पलंगाच्या पाठीला भोक होतं. उशीला भोक होतं. त्याच्यावर काकूंचं डोकं होतं.

"अगं," काका म्हणाले.

काकू कुशीवर होत्या. त्यांनी डोळे उघडले आणि काकांचं तोंड पाहून उठून बसल्या.

"काय झालं? भाजलं का?"

"नाही. तू... तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" त्यांनी कानामागे हात नेला आणि चोळला. "काहीतरी चावलं वाटतं इथे."

काकांनी केस बाजूला करून पाहिलं. कानामागे, केस जिथे विरळ होते तिथे, वाटाण्याएवढा एक गोल होता. लालसर, अगदी गोल. कातडी फाटलेली नव्हती. काकांनी त्यावर ओठ टेकले. असं त्यांनी किती वर्षांत केलं नव्हतं, आणि काकू त्यांना ढकलून म्हणाल्या की चला, म्हातारचळ लागला.

मशीनमध्ये अडकलेलं बिट काकांनी हाताने, उलटं फिरवत फिरवत, हळूहळू बाहेर काढलं. टोकाला एक लांब पांढरा केस गुंडाळलेला होता. पट्टी उलटी करून पाहिली. खालची बाजू कोरी होती. वरच्या बाजूला भोक होतं आणि त्यात अंधार होता. किती खोल गेलंय ते बघायला म्हणून त्यांनी सवयीने तार उचलली, भोकापाशी नेली, आणि मग तशीच खाली टाकून दिली.

त्यांनी लेकीला फोन करून लगेच ये म्हणून सांगितलं. आईला बरं नाही का, तिने विचारलं. आईला आता विसावा हवा, काका म्हणाले. लेक दुसऱ्याच दिवशी आली. तोवर काकांनी बाकीच्या पट्ट्या शटरवाल्याला परत केल्या होत्या. होत नाही, एवढंच ते त्याला म्हणाले. शटरवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि पोतं उचललं. मशीन आणि व्हाइस भंगारात गेले. पलंग तिथेच सोडला.

मऊ केलेली पट्टी मात्र देता येईना. सकाळी पाहिलं तर काकांचा हिशेब बरोबर निघाला होता: भोक पट्टीत टिकून राहिलं होतं. आता त्याचं करायचं काय? बुजवावं, तर शिसं वितळवून ओतायचं म्हणजे ते पलीकडे कुठे जाईल? लाकडाची खुंटी ठोकायची, तर ठोकायची कशी? विहिरीत टाकावी, तर पाणी आत शिरेल. पुरावी, तर माती. कुणाच्या हाती लागली आणि त्याने अर्धं राहिलेलं काम पुरं करायला घेतलं, तर? काकांनी सगळे इलाज एकेक करून मनात तपासले आणि एकेक करून सोडले. शेवटी त्यांनी आपल्या जुन्या मऊ सदऱ्यात पट्टी गुंडाळली आणि कपड्यांच्या पिशवीत तळाशी ठेवली.

लेकीच्या घरी काकूंना सुख लागलं. उशिरा उठायच्या, गॅलरीत बसायच्या, शेजारणींशी गप्पा मारायच्या. बरेच दिवस असेच गेले. कानामागचा गोल पुसट झाला नाही, पण दुखतही नव्हता. काका रोज कपाट उघडून सदरा सोडून पाहायचे. भोक तसंच असायचं, सदरा स्वच्छ असायचा. ते पुन्हा घडी घालून ठेवायचे. रात्री नीट झोप नव्हती, दिवसा भूक नव्हती. लेक म्हणायची, बाबा, तुम्हाला करमत नाही, काहीतरी हाताला काम घ्या. काका म्हणायचे, बघू.

एका संध्याकाळी त्यांनी सदरा सोडला तेव्हा भोकाच्या कडेशी थोडी भुकटी जमलेली होती.

पांढरी होती, किंचित पिवळट, कोरडी. चिमटीत धरून त्यांनी ती चोळली. लोखंड नव्हतं. लाकूड नव्हतं. कापूसही नव्हता.

काका इतके थकले होते की घाबरायलाही अंगात जोर नव्हता. आणि जन्मभर भोक साफ करताना जे केलं तेच त्यांच्याकडून झालं, विचार न करता. त्यांनी पट्टी तोंडाशी नेली आणि भोकावर फुंकर मारली.

शेजारच्या खोलीत काकू लेकीशी बोलत होत्या. त्या बोलता बोलता थांबल्या.

"खिडकी लाव गं. कानाला वारा लागतोय."

"लावलेलीच आहे, आई."

"मग हा येतोय कुठून?"

काकांनी भोकावर अंगठा ठेवला. अंगठ्याला खालून ऊब लागत होती.

"हं," पलीकडून काकू म्हणाल्या, "आता बरं वाटलं."

जरा वेळाने लेकीने जेवायला हाक मारली. मग पुन्हा मारली. काका भोकावर अंगठा तसाच दाबून पलंगाच्या कडेवर बसून होते. तुम्ही घ्या बसून, ते म्हणाले, मला अजून वेळ आहे.